आईला अल्झायमर आहे, सीनियर होममधल्या लोकांना सांगावं का?

पुण्याची_लेक:
आई पुण्यात सीनियर सिटिझन होममध्ये राहते, अल्झायमरची सुरुवात आहे म्हणाले डॉक्टर. डायनिंग हॉलमध्ये तेच तेच विचारते म्हणून बायका हल्ली टेबल बदलतात, तिला ते कळतं पण का ते कळत नाही. मॅनेजर म्हणतात २१ सप्टेंबरला अल्झायमर डे आहे, लेक्चर ठेवू. एका लेक्चरने काय होणार??

चहाबाज:
आधी आईंनाच विचारा की, सुरुवातच आहे ना. आणि बी१२, थायरॉइड तपासलंय का? त्यानेही विसरायला होतं.

नानांची_सून:
सांगाच. आणि लोकांना म्हणावं "ओळखलंत का मला?" अशी परीक्षा घेऊ नका, आपणच नाव सांगायचं. आमचे नाना संध्याकाळ झाली की घरी जायचंय म्हणून चपला घालून गेटवर, वाद घातला की अजून चिडायचे, मग "चला" म्हणून एक चक्कर मारून आणायचो. वॉचमनला पण शिकवा, लेक्चरची खरी गरज त्यालाच!

मी_नाशिककर:
+१. भजनाला बसवा त्यांना. माझी आत्या माझं नाव विसरली पण आरत्या सगळ्या तोंडपाठ, वर आम्ही चुकलो की डोळे वटारायची 😄