महू ते पातालपानी, रुळाच्या कडेनं सायकल: तुमचेही अनुभव लिहा

महूची भाची
काल माळा आवरताना बाबांच्या सायकलचा डायनमो सापडला आणि १९८८ची दिवाळीची सुट्टी आठवली. इंदूरजवळच्या महूला मावशी. तिथून सायकली तीन, माणसं सहा. मी दांडीवर, आई कॅरियरवर, तिच्या मांडीवर पराठ्यांचा डबा. मीटरगेजच्या रुळांच्या कडेची गँगमनची पायवाट, सगळी खडी, आणि काकांची चेन दर दहा मिनिटांनी उतरलेली. पातालपानीला सायकली चहावाल्याकडे टाकून सागाच्या जंगलात शिरलो. दादानं एका पानाची टोपी केली. बाबा म्हणाले, गप्प राहा, ऐका. कालाकुंडकडून गाडी घाट चढत होती, पुढे एक इंजिन, मागून ढकलायला दुसरं. दिसली फार उशिरा, तोवर नुसता धापा टाकल्याचा आवाज.

सराफ्याचा राजू
रुळाकडेनं पोरांना नेलं? आमच्या अण्णांनी तंगड्या मोडल्या असत्या.

खाऊगल्ली
कालाकुंडचा कलाकंद कोणीच लिहीत नाही?? पानातला, गरम. बाकी पातालपानीचा धबधबा वगैरे ठीक आहे.

निवृत्त_टीसी
तो चढ १:४०चा, म्हणजे चाळीस फुटांत एक फूट, म्हणून मागचं इंजिन. १८७० मध्ये दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी या लाइनीसाठी १ कोटी कर्ज दिलं, साडेचार टक्के, १०१ वर्षांसाठी.

सराफ्याचा राजू
१०१ वर्षं! आणि मला सायकलच्या हप्त्याला दोन जामीनदार मागितले.

पळसफूल
टंट्या मामाला, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लाला, सलाम केल्याशिवाय पातालपानीहून गाडी पुढे जात नाही असं मानतात, माहीत असेलच. आमचा धाकटा म्हणाला, सायकलला कसला नियम? पुढच्या वळणावर दोन्ही चाकं पंक्चर. बाभळीचे काटे होते हो, पण आजी अजून ऐकवते. सहा किलोमीटर ढकलत आणली.

वडोदऱ्याची सून
माहेर इंदूर. इथे सासरे डभोईच्या छोट्या लाइनीचं कौतुक सांगतात, १८६२ची, सुरुवातीला बैल ओढायचे. मी म्हणते, बैल आमचा घाट चढतील का? त्या दिवशी चहा मिळत नाही.

खाऊगल्ली
रविवारी कोण येतंय? २५ डिसेंबर २०१८ला पातालपानी-कालाकुंड हेरिटेज गाडी सुरू झाली तेव्हापासून ठरतंय नुसतं.

निवृत्त_टीसी
डायनमो चालतो का? बाटलीच्या आकाराचा आहे का? माझ्याकडे दिवा आहे, डायनमो नाही.

महूची भाची
काका, फिरतो पण घर्र करतो. देणार नाही. दिवा आणा, इथेच लावून बघू.