अठरा पूर्ण नाहीत म्हणून ‘नाही’: कुठे कायदा, कुठे नुसती सवय?

अभ्यासिका_सिंहगडरोड

नमस्कार मंडळी. अकरावी-बारावीच्या पोरांसाठी पुण्यातल्या आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर लावायला एक पान तयार करतोय. वय १६-१७. जिथे जातील तिथे "आई-बाबांना घेऊन ये" हे ठरलेलं उत्तर. त्यातलं किती खरोखर कायद्यात आहे आणि किती समोरच्याची सोय आहे, हे वेगळं काढायचं आहे.

पोरांनी दिलेली यादी: बँकेत स्वतःचं खातं, गाडी, सुट्टीतलं काम, माहितीचा अधिकार, सोसायटीत खेळायला बंदी, रात्री पोलिसांनी हटकलं तर काय. भाषणं नकोत, ती कॉलेजात भरपूर मिळतात. रक्कम, मुदत, कागद आणि घोडं कुठे अडतं ते सांगा.

काउंटर_क्रमांक_तीन

बँकेचं माझ्याकडे.

दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं उघडता आणि चालवता येतं. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये ही मुभा दिली आणि एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात सगळं पुन्हा एकत्र मांडलं. मेख एवढीच की शिलकीची, व्यवहारांची मर्यादा आणि एटीएम कार्ड, चेकबुक, नेट बँकिंग द्यायचं की नाही हे प्रत्येक बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरवते. म्हणजे बँक असं खातं देऊ शकते, दिलंच पाहिजे असं नाही. म्हणून काउंटरवर रिझर्व्ह बँकेच्या नावाने भांडू नका. "तुमच्याकडे दहा वर्षांवरच्या मुलांसाठी स्वतंत्र खात्याची कोणती योजना आहे?" असं विचारा. स्टेट बँकेत त्याला ‘पहली उडान’ म्हणतात. योजनेचं नाव घेतलं की समोरचा माणूस फॉर्म शोधायला लागतो, हा या धंद्यातला अनुभवसिद्ध मंत्र.

कागद: आधार, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, पॅन असेल तर पॅन, नसेल तर पॅन नसल्याचं सांगणारा फॉर्म. सही प्रत्येक वेळी एकसारखी यायला हवी. वहीत सराव करूनच या, कारण बँकेकडच्या नमुना सहीच्या कार्डावरची सही आणि पैसे काढायच्या स्लिपवरची सही जुळली नाही तर पैसे मिळत नाहीत, मग वय काहीही असो.

पालकांच्या मार्फत खातं उघडायचं असेल तर "वडीलच लागतील" ही निव्वळ सवय आहे. आई पालक म्हणून चालते, रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतच तसं आहे.

आता प्रत्यक्षात कुठे अडतं:

सिमकार्ड अठराच्या आत स्वतःच्या नावावर मिळत नाही. मग खात्याला बाबांचा नंबर लागतो आणि प्रत्येक ओटीपी त्यांच्याकडे जातो. बाबा ऑफिसात, मूल फीच्या रांगेत. यावर उपाय म्हणजे घरात जादा सिम असेल तर ते मुलाकडे द्यायचं आणि तोच नंबर पहिल्या दिवसापासून खात्याला आणि आधारला लावायचा. नंबर मागाहून बदलणं जास्त त्रासाचं.

आधारचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे स्कॅन वयाच्या पंधराव्या वर्षी पुन्हा द्यावे लागतात. १५ ते १७ या वयात ते फुकट होतं. ते राहिलं की अंगठा जुळत नाही, केवायसी (ओळख-पत्त्याची पडताळणी) अडते आणि दोष बँकेच्या मशीनला दिला जातो.

शिष्यवृत्ती थेट जमा होते ती आधारशी जोडलेल्या एकाच खात्यात. दोन बँकांत खाती असतील तर जे शेवटी जोडलं तिकडे पैसे जातात. महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) फॉर्म भरण्याआधी कोणतं खातं जोडलेलं आहे ते बघून घ्या.

शेवटचं. अठरावा वाढदिवस झाला की नवी सही आणि केवायसी द्यावी लागते. ती दिली नाही तर पैसे काढणं थांबतं. बारावीनंतरच्या प्रवेशाची फी नेमकी त्याच सुमारास भरायची असते, तेव्हा वाढदिवसानंतरच्या पहिल्याच आठवड्यात शाखेत जा.

किक_मारून_बघ

गाडीच्या बाबतीत चित्र उलटं आहे. खात्यासाठी, अर्जासाठी, पुस्तकासाठी "लहान आहेस" म्हणणारं घर क्लासला उशीर होतो म्हणून ११० सीसीच्या स्कूटरची किल्ली बिनदिक्कत हातात देतं. कायदा जिथे स्पष्ट ‘नाही’ म्हणतो नेमकी तिथेच आपली उदारता.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४: सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची, गिअर नसलेली दुचाकी. त्यासाठी पालकांच्या संमतीची सही लागते. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी. कागदावर हे सगळं ठीक. पण आज शोरूममध्ये उभ्या असलेल्या स्कूटर १०० सीसीच्या वरच्याच. त्यामुळे संगम पुलाजवळच्या आरटीओतून सोळाव्या वर्षी आणलेल्या लायसन्सवर घरातली नेहमीची स्कूटर चालवता येत नाही. पोलिसाच्या दृष्टीने तो विनापरवानाच.

पकडलं गेलं तर कलम १९९अ, २०१९ च्या दुरुस्तीतलं. पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. गाडी पालकांच्या संमतीनेच नेली असं न्यायालय गृहीत धरतं, तसं नव्हतं हे सिद्ध करायचं काम पालकांचं. "त्याने न विचारता नेली" हे नुसतं सांगून भागत नाही. विमा कंपनी समोरच्या जखमीला भरपाई देऊन तीच रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, ही गोष्ट तर फार कमी घरांत माहीत असते. मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतरही, ज्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीने दोघांचा जीव गेला.

लायसन्सशिवाय चालतील अशा इलेक्ट्रिक स्कूटर असतात, पण २५० वॅटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असतील तरच. काही विक्रेते "वायर काढली की चाळीसला पळते" असं हळूच सांगतात. वायर काढल्याक्षणी ती कायद्याने मोटार वाहन होते. नोंदणी नाही, विमा नाही, लायसन्स नाही, आणि १९९अ लागू. वेगावर लगाम ठेवणाऱ्या कंट्रोलरला हात लावू नका. मागच्या प्लेटवर वॅट छापलेले असतात, ते वाचून घ्या.

अभ्यासिका_सिंहगडरोड

पंचवीसपर्यंत लायसन्स नाही, हे पानावर ठळक लिहितो. दंडाला पोरं घाबरत नाहीत, तो बाबा भरतात. काम आणि पोलीस यावर कोणी वकील बोलतील का?

कोर्टकचेरी_शिवाजीनगर

बोलतो. आधी काम.

चौदाच्या आत नोकरी नाही. शाळेच्या वेळेबाहेर घरच्या धंद्यात मदत आणि कलाकार म्हणून काम, एवढेच अपवाद. चौदा ते अठरा या वयात काम करता येतं. खाणी, स्फोटक किंवा ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया सोडून. त्यामुळे दुकान, कॅफे, डीटीपी, शिकवणीत मदतनीस हे सगळं चालतं, पण वेळेची बंधनं आहेत. सलग तीन तासांनंतर एक तासाची सुट्टी, ती धरून एकूण सहा तास. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. ओव्हरटाइम नाही. आठवड्याची एक सुट्टी. त्याच दिवशी दुसरीकडे काम नाही.

आता डेक्कनवरच्या कॅफेची खरी गर्दी सातनंतरच असते. म्हणून मालक सोळा वर्षांच्या मुलाला रात्रीची पाळी देऊन रजिस्टरमध्ये नाव घालत नाही. नाव नाही म्हणजे पगाराचा पुरावा नाही. लक्षात ठेवायचं ते असं: मोडलेला नियम मालकाचा असतो, काम केलेल्या मुलाचा नाही. पगार खात्यावर मागा. रोखच मिळत असेल तर तारीख, तास आणि रक्कम मोबाईलवर मालकाला मेसेज करून ठेवा, त्याने "ओके" लिहिलं तरी पुरे.

पोलीस. अठराच्या आतल्याने रात्री अमुक वाजल्यानंतर घराबाहेर राहू नये असा कायदा नाही. वेळेचे नियम दुकानांना, बारना आहेत. फर्ग्युसन रस्त्यावर साडेदहाला उभं राहणं गुन्हा नाही. नाव, पत्ता, वय खरं सांगा, हुज्जत नको. पुढे ठाण्यात नेलंच तर बालन्याय कायदा २०१५ लागतो. कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, पालकांना कळवावं लागतं आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. पुण्यात ते येरवड्याला. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. "बालकल्याण अधिकारी कोण आहेत?" हा एक प्रश्न मुलाने आणि पालकाने पाठ करावा. बाकीचं त्यानंतर आपोआप सुरळीत होतं असं मी म्हणणार नाही, पण समोरच्याला कळतं की कायदा माहीत असलेलं कोणीतरी आहे.

किरकोळ प्रकरणात एफआयआर होत नाही, ठाण्याच्या डायरीत नोंद होते. मंडळाने दोषी ठरवलं तरी नोकरीच्या वेळी ते आडवं येऊ नये अशी तरतूद कलम २४ मध्ये आहे. सोळाच्या पुढचा मुलगा आणि अत्यंत गंभीर गुन्हा असेल तर वेगळं, तिथे प्रौढ म्हणून खटला चालू शकतो.

साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर पंधराच्या आतल्या मुलाला आणि कोणत्याही वयाच्या मुलीला ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं.

आणि माहितीचा अधिकार. कायदा ‘सर्व नागरिक’ म्हणतो, वय लिहिलेलं नाही. अर्जावर वय लिहूच नका. एक विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. "का?" विचारलं की अर्ज हमखास फेटाळला जातो. कागद मागा. उदाहरणार्थ महापालिकेला: "सर्व्हे नंबर अमुकवरील क्रीडांगणाच्या आरक्षणाची सद्यःस्थिती दाखवणाऱ्या कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात." आवक खिडकीवर घेत नसतील तर वाद न घालता स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प.

सेक्रेटरी_नाइलाजाने

सोसायटीचं मी सांगते, कारण पाट्या आम्हीच लावतो.

"पार्किंगमध्ये चेंडू खेळण्यास सक्त मनाई, दंड ५०० रु." अशी पाटी कमिटीने परस्पर लावली तर तो दंड वसूल करता येत नाही. दंडासाठी उपविधीत (सोसायटीच्या लेखी नियमावलीत) तरतूद, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि आधी त्या सभासदाला नोटीस, तिन्ही लागतं. पोराकडून तर काहीच घेता येत नाही, तो सभासद नाही. बॅट जप्त करणारे वॉचमन आणि काका यांनी हे विशेष वाचावं.

पण उलट बाजूनेही बघा. मूल सभासद नसल्याने सभेत त्याचा आवाजही नाही. विषय पालकानेच लेखी द्यायला हवा, आणि पोच घ्यायची. काय मागायचं? "खेळू द्या" असं मोघम लिहिलं की पार्किंग विरुद्ध काचा हा वाद दोन तास चालतो. मंजूर नकाशाची प्रत मागा. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के मोकळी जागा सोडायची असते. ती नकाशात कुठे दाखवली आहे आणि आज तिथे काय उभं आहे ते सभेत विचारा. बऱ्याचदा जनरेटर, पाण्याची जादा टाकी किंवा पाहुण्यांच्या गाड्या असतात. कमिटीने दाद दिली नाही तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार.

एक धोक्याची गोष्ट. काच फुटली, सायकल गेली, की सीसीटीव्हीतला पोराचा चेहरा सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो: "हा कोणाचा?" प्रकरण पोलिसांत गेलेलं असेल तर मुलाची ओळख उघड करणं हा बालन्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. क्लिप कमिटीकडे ठेवा, लागली तर पोलिसांना द्या. ग्रुपवर टाकू नका.

कोर्टकचेरी_शिवाजीनगर

सेक्रेटरीताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोड: मूल आरोपी असो, पीडित असो की नुसता साक्षीदार, ७४ तिघांनाही लागू. शाळेचं नाव, घराचा पत्ताही नको, कारण त्यावरून ओळख पटतेच.

अभ्यासिका_सिंहगडरोड

सगळ्यांचे आभार. पानाचे तीन रकाने करतो: कायद्याने येतं, कायद्याने येत नाही, संस्थेच्या मर्जीवर. बँक तिसऱ्यात, माहितीचा अधिकार पहिल्यात, स्कूटर दुसऱ्यात. काम कुठे टाकू?

काउंटर_क्रमांक_तीन

पहिल्यात टाका, खाली ‘संध्याकाळी सातपर्यंत’ लिहून.

किक_मारून_बघ

पहिल्या रकान्यात आणखी एक भरा, यादीत राहिलंय. सतरा पूर्ण झाल्यावर मतदार नोंदणीचा अर्ज आगाऊ देता येतो, नमुना ६. पात्रतेच्या तारखा वर्षाला चार: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. अठरा पूर्ण झाल्यावर जी तारीख पुढे येते तेव्हा नाव यादीत जातं. बाहेरगावाहून येऊन वसतिगृहात राहणाऱ्यांनी गावचा पत्ता द्यायचा की पुण्यातला ते आधी ठरवावं, दोन्हीकडे नाव चालत नाही. पुण्याचा द्यायचा तर कॉलेजचा दाखला लागेल. तो ऑफिसमधून मिळायला वेळ लागतो, परीक्षेच्या आधीच मागून ठेवा.