पुणे ते सासवड चालायला आईसाठी बूट कुठले घ्यावेत?

*बी-३०२:* नमस्कार मंडळी. यंदा आईला माऊलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालायचंय, पूर्ण वारी नाही. बूट कुठले घेऊ? पाय पुढून रुंद आहे, करंगळीला लगेच घासतं, आणि लेडीजमध्ये सगळं निमुळतंच दाखवतात.

*सी-५०१:* माझ्या सासूबाई साध्या चपलेवर जातात, काही होत नाही

*ए-१०४:* ताई, त्यांना वर्षभर त्याच चपलेची सवय असेल. बी-३०२, हा टप्पा ३० किमीच्या वर जातो, वर दिवे घाट, म्हणून बूट जपून घ्या. खरेदीला संध्याकाळीच जा कारण दिवसभरात पाय सुजतात आणि चालताना तर सुजणारच, सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारी आवळतो. वारीत घालायचे तेच मोजे न्या. दोन्ही पायांत घालून उभं राहायला सांगा, एक पाय थोडा मोठा असतोच, नंबर त्याचा घ्यायचा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि टाच मात्र उचलायला नको, चढावर टाच वरखाली झाली की फोड आलाच.

रुंदीसाठी आतलं सोल बाहेर काढा आणि आईला त्याच्यावर उभं करा. करंगळी सोलच्या बाहेर गेली की तो बूट परत. "वापरून सैल होईल" म्हणतील, ऐकू नका. जेन्ट्समधले लहान नंबर मागा, तेच बहुतेक वेळा पुढून रुंद असतात.

*बी-३०२:* काका हे सोलचं माहितीच नव्हतं 🙏 पाऊस आला तर?

*ए-१०४:* जाळीचे घ्या, भिजले तरी लवकर सुकतात. सुती मोजे नकोत, ते पाणी धरून ठेवतात, कातडी मऊ पडते आणि तिथेच फोड येतात. सिंथेटिकचे दोन जोड पिशवीत ठेवा, आणि निघताना करंगळीला, टाचेला व्हॅसलिन.

*डी-२०१:* आईंना शुगर आहे का हो?

*बी-३०२:* हो ताई, बरीच वर्षं

*डी-२०१:* मग भक्तीने सुद्धा अनवाणी चालू देऊ नका प्लीज. शुगरमध्ये पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, डांबर तापलेलं कळत नाही, खडा टोचलेला कळत नाही. बूट घालायच्या आधी आत हात फिरवायचा, आणि प्रत्येक विसाव्याला मोजे काढून तळवे तुम्ही स्वतः बघायचे, त्यांना "दुखतंय का" विचारून उपयोग नाही. आधी एकदा डॉक्टरांनाही पाय दाखवून घ्या.

*बी-३०२:* नक्की. आज संध्याकाळीच नेतो दुकानात

*ए-१०४:* बिल जपून ठेवा. पहिले दोन दिवस घरात फरशीवरच घालू द्या म्हणजे घासलं तर बदलून घेता येतील, मग रोज थोडं थोडं वाढवत चाला. नवे कोरे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा नकोत

*सी-५०१:* काका, सासूबाईंनाही सोलवर उभं करून बघते, त्यांची करंगळी दरवर्षी सोललेली असते, सांगत नाहीत फक्त