आईच्या घरातील पडण्याचे धोके कसे शोधावेत?

प्रश्न
माझी आई ७८ वर्षांची असून पुण्यातील एका जुन्या इमारतीत एकटी राहते. मागच्या महिन्यात पहाटे ती न्हाणीघरात घसरली; सावरण्यासाठी टॉवेलची दांडी धरली, तर ती भिंतीतून उपटून हातात आली. हाड मोडले नाही, परंतु तेव्हापासून तिला अंघोळीची धास्ती वाटते. आधाराच्या दांड्या बसवू या म्हटले, की ‘माझ्या घराचा दवाखाना करू नकोस’ असे ती म्हणते. पुढच्या आठवड्यात मी चार दिवस तिच्याकडे जाणार आहे. तेवढ्यात काय काय तपासावे?

उत्तर १
मी फिजिओथेरपिस्ट आहे. आपण एकट्याने घर तपासू नका. आई पहाटे उठतात त्याच वेळी, एरवी असतो तेवढाच उजेड ठेवून, पलंगापासून संडासापर्यंत त्यांच्या सोबत चाला आणि त्यांचा हात कुठे टेकतो ते पाहा. दाराची चौकट, कपाटाची कड, नळ, जिथे हात आपसूक जातो तिथे पक्का आधार हवा. टॉवेलची दांडी माणसाचा भार पेलण्यासाठी केलेलीच नसते. आधाराची दांडी फरशीमागे पोकळी नाही याची खात्री करून भक्कम भिंतीत बोल्टने बसवून घ्यावी. सरकणारी पायपुसणी, मोरीचा उंबरठा, साबणाचा बुळबुळीत थर आणि पायांत येणारा गाऊन हेही त्याच फेरीत दिसेल. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यानुसार घरातील असे धोके कमी केल्याने पडण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी घटते, आणि आधी पडलेल्यांसारख्या अधिक जोखमीच्या व्यक्तींमध्ये सुमारे ३८ टक्क्यांनी. म्हणून आपल्या आईंच्या बाबतीत हे काम लांबणीवर टाकू नये.

उत्तर २
घराइतकेच औषधांकडेही पाहावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. आम्ही दिवे लावले, सतरंज्या काढल्या, तरी वडील पुन्हा पडले. डॉक्टरांनी आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजला, तेव्हा वरचा आकडा २० पेक्षा जास्त उतरत असल्याचे कळले. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांमुळे असे तोल जाणे घडू शकते. मात्र गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. सगळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्यात.

उत्तर ३
मी स्वतः ७४ वर्षांची आहे, म्हणून आईंची बाजू मांडते. मुलांनी न विचारता माझे डबे हलवले, तेव्हा मला फार वाईट वाटले होते. दांडी कुठे हवी, हे आईंनाच भिंतीवर खडूने दाखवू द्या. रोजचे डबे मात्र कमरेच्या उंचीवर आणाच. वरच्या फळीसाठी प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढणे आम्हाला सुटत नाही.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. आज आईशी फोनवर बोलले. न्हाणीघरात एक दांडी तिला मान्य आहे, पण देवघरासमोरची सतरंजी हलवू देणार नाही म्हणते. तिच्याखाली रबराची जाळी घातली तर पुरेल का?

उत्तर १
जाळीने ती सरकणार नाही, पण मुडपलेल्या कडेत पाय अडकू शकतो. कडा फरशीला चिकटपट्टीने पूर्ण बसवा आणि तिथे खाली बसून उठताना धरायला जड, न हलणारी खुर्ची ठेवा.