मदत हवी आहे: लष्करी डॉक्टर, आता नागरी आरोग्याचं पद, गुरुवारी मुलाखत

छावणी:
गुरुवारी मुलाखत आहे. पहिल्या ९० दिवसांत काय कराल यावर पंधरा मिनिटं बोलायचंय. वीस वर्षं वर्दीत काढली, साथी आटोक्यात आणल्या. पण आराखडा लिहायला बसलो की प्रत्येक वाक्य हुकमासारखं होतंय. 'तपासणी सक्तीची करीन.' इथे ते चालणार नाही एवढं कळतं. मग लिहू काय? तीनदा खोडलंय, लवकर सांगा.

मेघना_क:
डॉक्टर, पद कोणतं? सरकारी, रुग्णालयातलं, की विम्याचं? लोक किती? तुमचं काम रुग्णांचं होतं की प्रतिबंधाचं?

जुनाजाणता:
आधी सीव्ही सुधारा. मीही वर्दीतूनच आलोय. 'फील्ड अँब्युलन्स' वाचून समितीला गाड्यांचा ताफा वाटला. ते वैद्यकीय पथक असतं हे समजावण्यात अर्धी मुलाखत गेली. हाताखाली किती माणसं, काय बदललं, एवढंच लिहा.

आकडेमोड:
सीव्हीचं त्यांनी विचारलंच नाहीये. खरा फरक छेदाचा आहे, म्हणजे एकूण किती लोकांपैकी मोजायचं याचा. पलटणीत नॉमिनल रोल, म्हणजे सगळ्यांच्या नावांची यादी असते, प्रत्येकाची ठरलेल्या वेळी तपासणी होते. बाहेर दवाखान्यात आले तेवढेच दिसतात. शिवाय सैनिक निवडून घेतलेले, धडधाकट. तिथले अंदाज म्हातारी माणसं, गरोदर बायका, तान्ही मुलं यांना लावू नका. पहिले ३० दिवस नोंदी जुळवा आणि डॅशबोर्ड उभा करा.

रानवारा:
डॅशबोर्डवर तरी कोण दिसणार? नोंद झालेलेच. त्यापेक्षा आठवडाभर आरोग्यसेविकांबरोबर घरोघर फिरा. दवाखान्यात न येणारी माणसं त्यांनाच ठाऊक असतात.

जुनाजाणता:
शिस्तीला कमी लेखू नका. अमेरिकेचे विल्यम गॉर्गस लष्करी डॉक्टरच होते. १९०१ मध्ये क्यूबातल्या हवानात डासांमुळे पसरणारा पीतज्वर हटवला, नंतर पनामा कालव्यावरही.

रानवारा:
साहेब, हवाना तेव्हा अमेरिकी लष्कराच्या अमलाखाली होतं. घरात डासांच्या अळ्या सापडल्या की दंड व्हायचा. यांना कोणाला दंड करता येणार आहे?

स्नेहल:
निवृत्तीनंतर लगेच नोकरी धरू नका, सहा महिने घरच्यांना द्या. आमच्या बाबांनी दिले नाहीत, आईला अजून वाईट वाटतं.

मेघना_क:
धागाकर्ते, माझे प्रश्न तसेच राहिलेत.

छावणी:
माफ करा, मला वाटलं सांगितलंय. पहिली आठ वर्षं भूलतज्ज्ञ, पुढची बारा छावणीचं पाणी, स्वच्छता, लसीकरण. सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहे. पद आरोग्य विमा योजनेत, सभासद दोन लाख. त्यांना मधुमेह आणि रक्तदाबावर काम हवंय.

आकडेमोड:
मग छेद आहे की! सभासदांची यादी.

मेघना_क:
यादी आहे, पण आजाराची नोंद दाव्यांवरून होते. दावा नाही म्हणजे माणूस ठणठणीत, की दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही? किंडिग आणि स्टॉडार्ट या अभ्यासकांची २००३ ची लोकसमूहाच्या आरोग्याची व्याख्या बघा. गटाचं आरोग्य म्हणजे नुसती सरासरी नाही, गटात ते कोणाच्या वाट्याला किती आलंय हेही त्यात धरलंय. दोन लाखांपैकी वर्षभरात एकदाही डॉक्टरकडे न गेलेले किती? सिक परेडला, म्हणजे आजारी जवानांच्या रोजच्या तपासणीला, एखादा जवान दुखणं लपवून यायचं टाळतोय हे तुम्ही ओळखत असालच. तीच नजर इथे लावा. 'सक्ती' जिथे लिहिलंय तिथे 'का आले नाहीत' हा प्रश्न घाला.

छावणी:
हा आकडा मी मागितलाच नाही. सकाळीच मेल करतो. रानवारा, पहिला आठवडा आरोग्यसेविकांबरोबर, हेही घातलं.

जुनाजाणता:
सीव्ही मला पाठवा, रात्रीत बघून देतो.