प्रतिसाद: लीडरचे हात मोकळे हवेत

नोकरीत काही वर्षं काढली की नेतृत्व आपसूक येतं, हे मत पटलं नाही. पॅरामेडिकच्या (रुग्णवाहिकेत तातडीचे उपचार देणाऱ्याच्या) पदवी अभ्यासक्रमातच ते घडवता येतं. कार्डिअ‍ॅक अरेस्टच्या (हृदय बंद पडण्याच्या) सरावात चौघांच्या टीमपैकी एकाला लीडर करून सरावाच्या पुतळ्याच्या पायाशी उभं करा, हाताला काम देऊ नका. त्याने मॉनिटर आणि घड्याळच बघायचं: दर 2 मिनिटांनी छाती दाबणारा बदलायचा, दाबण्यातला खंड 10 सेकंदांच्या आत, अ‍ॅड्रेनालिन हे औषध दर 3 ते 5 मिनिटांनी. गाडं अडतं ते इथेच. औषध द्यायला शीर सापडेना की लीडर स्वतःच सुई घेऊन वाकतो, आणि दाबणारा दमलाय, दाब उथळ पडतोय, हे कुणालाच दिसत नाही. ‘कुणीतरी अ‍ॅड्रेनालिन द्या’ हेही चालवून घेऊ नका. नाव घेऊन सांगायला लावा: ‘1 मिलिग्रॅम दे, दिलं की मोठ्याने सांग.’ डीब्रीफिंगमध्ये, म्हणजे सरावानंतरच्या चर्चेत, मात्र आधी लीडरला बोलू द्या, शिक्षकांनी नंतर.