जिनिंगचा डेटाबेस ३२ बिटवरून ६४ बिटवर: फोल्डर उचलायचं की डंप घ्यायचा?

काटापट्टी_वणी:
आमच्याकडच्या एका जिनिंगमध्ये काटा अन् चुकाऱ्यांचा हिशोब पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ३२ बिटच्या १० व्या आवृत्तीवर आहे. नव्या मशीनवर १० च, पण ६४ बिटचं टाकलंय. इंजिनिअर म्हणतो, सर्व्हिस बंद करा, डेटाचं फोल्डर कॉपी करा, आवृत्ती तीच तर आहे. माझा साफ विरोध. ८ बाइटचे आकडे ३२ बिटचा पोस्टग्रेस पत्त्यानं हाताळतो, ६४ बिटचा थेट, अन् तशी नोंद डेटाच्या फोल्डरमधल्या कंट्रोल फाइलमध्ये असते. ती जुळली नाही की सर्व्हर उठतच नाही. डंप घ्या, म्हणजे सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये काढा, अन् नव्यात भरा.

दर्यापूरकर:
काऊन एवढा घोर करता भाऊ? मी मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं फोल्डर असंच ३२ वरून ६४ वर नेलं, झ्याक चाललं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा बॅकअप रिस्टोर करा, बिट कोण पुसते तिथं?

काटापट्टी_वणी:
त्यांच्यात चालतंच, कारण त्यांच्या फायलींची मांडणी बिटवर ठरत नाही. तीच सवय पोस्टग्रेसला लावायची नाही, एवढंच म्हणतो.

गटसचिव:
मी म्हणतो, ६४ बिट पाहिजेच कशाले? ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा सर्व्हर चालते. तोच टाका, मग फोल्डरही चालन. ३२ बिटला मेमरी ४ जीबीपर्यंतच, असं भेव दाखवतात, पण आपल्या काट्याच्या नोंदी त्या किती? दसऱ्यानंतर फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, अन् तुम्ही सर्व्हर उघडून बसता!

काटापट्टी_वणी:
मेमरी सोडा. विंडोजसाठी ३२ बिटचे तयार इन्स्टॉलर १० वरच थांबले, अन् १० च्या दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्ये संपल्या.

गटसचिव:
मंग तुमचं ६४ बिटचंही १० च ना? तेही बंदच झालं की!

सरकी_रुई:
सचिवभाऊंनी नेमकं धरलं. डंप घ्यायचाच, तर सॉफ्टवेअरवाल्याला विचारून, जिला अजून दुरुस्त्या मिळतात अशा नव्या आवृत्तीतच भरा. डंप नव्या आवृत्तीच्या पीजी डंपनं (डंप काढायचं पोस्टग्रेसचं साधन) काढायचा, जुना सर्व्हर चालू ठेवून. पण डंपही बिघडते, राजेहो! विंडोजच्या पॉवरशेलमध्ये '>' लावून फाइल केली तर ती युटीएफ-१६ या वेगळ्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) जाते अन् भरताना रडवते. फाइलचं नाव पीजी डंपलाच द्या. वापरकर्ते अन् पासवर्ड त्यात येत नाहीत, ते पीजी डंपऑल या जोडीच्या साधनानं वेगळे काढा. कास्तकारांची नावं जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात असतील तर एन्कोडिंग आधी पाहा. अन् भरून झालं म्हणून खूश होऊ नका. कास्तकारनिहाय चुकाऱ्यांची बेरीज दोन्हीकडे काढून ताडा.

दर्यापूरकर:
बेरजेचं पटलं. फोल्डरवालेही ते करत नाहीत.

गटसचिव:
करा बा. पण हंगाम आटोपल्यावर, अन् जुनं मशीन पुढच्या दिवाळीपर्यंत भंगारात देऊ नका.